मिस्त्रीचा ढाळ

कंत्राटदाराने बादलीभर पाणी गच्चीच्या बरोबर मधोमध ओतलं आणि दोन पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून तो गंमत बघत उभा राहिला. पाणी आधी नुसतंच पसरलं. मग पाइपाच्या तोंडाकडे जायचं सोडून ते उलट्या बाजूला निघालं आणि बघता बघता घरमालकाच्या चपलांखाली शिरलं. तळव्यांना गारवा लागला तरी घरमालकाने पाय उचलला नाही. हललो तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं.

"साहेब, ढाळ उलटा आहे," कंत्राटदार म्हणाला. "पाणी जायला पाहिजे तिकडे, आणि चाललंय इकडे."

"मिस्त्रीचा ढाळ!" जिन्याच्या दारात उभी असलेली बायको म्हणाली आणि हसली. कंत्राटदार मात्र हसला नाही. सकाळपासून त्याने एका कोपऱ्यात छिन्नीने वीतभर खोल खड्डा पाडला होता, त्यात हात घालून तो थर मोजायला लागला. "विटांचे तुकडे न् सिमेंट थापून केलेला हा एक कोबा. त्याच्याखाली हा दुसरा. आणि हा बघा तिसरा. दर वेळी गळायला लागलं की कोणीतरी आपलं वरून लिंपत गेलंय. खाली स्लॅब चार इंची, डोक्यावर ओझं आठ इंची. वर पाणी तुंबतंय, आत लोखंड गंजतंय. आता डागडुजीचं नाव काढायचं नाही. आपण हे सगळं उतरवायचं आणि नवीन घालायचं." तुंबलेल्या बाजूलाच एक पाइप काढून दिला तर, असं बायकोने विचारून पाहिलं; पण तिकडे शेजाऱ्याची भिंत इतकी खेटून होती की पाइप सोडायचा तर त्याच्या स्वयंपाकघरातच सोडावा लागला असता. मग कंत्राटदाराने आकडा सांगितला. तो सांगताना त्याने आवाज खाली आणला, डॉक्टर लोक आणतात तसा. बायकोचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

जुना नकाशा असेल तर बघू, असं कंत्राटदार म्हणाला तेव्हा घरमालक, आता कुठला सापडायला, असं पुटपुटला, पण नकाशा होता आणि तो कुठे आहे हे बायकोला ठाऊक होतं. तिने तो पेटीतून काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. कंत्राटदाराने बोट फिरवत फिरवत गच्चीपर्यंत आणलं. "कागद बरोबर आहे. बाण बरोबर पाइपाकडे दाखवलाय. काढलाय कोणी?" "ह्यांनीच," बायको म्हणाली, तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "वाटलंच. शिकलेल्या माणसाचं काम आहे. घोळ मिस्त्रीने घातलाय." "बघा!" बायको नवऱ्याकडे वळून म्हणाली, जणू तिनेच एखादा खटला जिंकला होता. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गेली एकतीस वर्षं तो ह्या बाबतीत मान डोलावतच आला होता.

खरं तर चुका हाच त्याचा धंदा होता. नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत तो तपासनीस होता. लोकांनी काढलेल्या घरांतल्या चुका लाल पेन्सिलीने दाखवायच्या आणि कागद परत पाठवायचा, हे त्याचं काम. आणि ते तो इतकं डोळ्यांत तेल घालून करायचा की पाठीमागे सगळे त्याला लालपेन्सिल म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि मनातून ते त्याला आवडायचंही. घरी मात्र एक चूक त्याच्याआधीच नाव मिळवून बसली होती. 'मिस्त्रीचा ढाळ' हा शब्द त्याच्या वडिलांनी एकदा रागाच्या भरात उच्चारला आणि मग तो घराचाच होऊन गेला. कोणी स्वेटर उलटा घातला, मिस्त्रीचा ढाळ. पत्रावर पत्ता लिहिताना आपलाच पत्ता लिहिला, मिस्त्रीचा ढाळ. बायको लग्न होऊन आली आणि महिन्याभरात हा शब्द असा वापरायला लागली की माहेराहून घेऊन आली असावी. मुलगी लहान होती तेव्हा तिला ढाळ म्हणजे पोट बिघडणं एवढंच ठाऊक होतं. आपल्या घराला ढाळ लागलेत आणि औषध कोणी देत नाही, असं तिने शाळेत बाईंना सांगितलं होतं. त्यावर सगळे हसून हसून लोळले होते. तोही हसला होता, आणि हसता हसता त्याला एकाएकी धाप लागली होती. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते आणि फोनवर अजून विचारते, घराचं पोट कसं आहे.

नकाशात जिन्यावर एक बाण काढतात. तो चढता असतो, खालून वर. गच्चीवरही बाण काढतात, पण तो उतरता, कारण तो पाण्याचा बाण. पाणी जिकडे वाहायचं तिकडे त्याचं टोक. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं आणि त्यालाही ठाऊक होतं. वय तेवीस, कचेरीत लागून दोन महिने झालेले, आणि वडिलांनी त्याला घराचा नकाशा काढायला सांगितला होता. घराण्यातलं पहिलं पक्कं घर, आणि नकाशा घरच्याच मुलाचा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले होते. त्या दिवशी त्याने कचेरीत सकाळपासून नुसते जिने काढले होते, कुठल्याशा मोठ्या इमारतीचे सतरा जिने. सतरा बाण चढते ओढून झाल्यावर संध्याकाळी घरी येऊन हाताने अठरावा, आपल्या गच्चीवरचाही, तसाच चढता ओढला. एवढंच झालं होतं. पुढे कित्येक वर्षं हे 'एवढंच' तो मनातल्या मनात उलटंपालटं करून बघत राहिला. सोळा जिने असते तर? आधी गच्ची काढली असती तर? मिस्त्री वडिलांच्या शाळेतला सोबती होता, डावखुरा, बुटका, कमी बोलणारा. त्याला तो तेव्हा मिस्त्रीकाका म्हणायचा. मिस्त्रीकाका नकाशा हातात घेऊन, ऊन लागू नये म्हणून डोळ्यांवर दुसरा हात धरून त्याच्याकडे आला होता. "पाइप इकडे आणि बाण तिकडे. बाण पाण्याचाच ना रे, बाळ?" त्याला कचेरीत जायला उशीर होत होता. शिवाय चार मजूर बघत होते. चार मजुरांसमोर आपल्याला बाळ म्हटलं ह्याचाच त्याला राग आला होता. त्याने कागदाकडे पाहिलंदेखील नाही. "नकाशात आहे तसं करा, काका," तो म्हणाला होता, आणि मिस्त्रीकाकांनी शिकलेल्या माणसाच्या कागदाला मान देऊन तसं केलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात वडिलांच्या खोलीचं छत ठिबकायला लागलं. ते पाणी कुठून येतंय हे त्याला पहिल्या दिवशी कळलं. जेवता जेवता कळलं. सांगायचं ठरवून तो दोन दिवस वडिलांच्या अवतीभवती फिरला. तिसऱ्या दिवशी वडिलांनी मिस्त्रीला बोलावून अंगणात उभं केलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याची खरडपट्टी काढली. धंदा कळत नाही, मैत्रीवर विश्वास टाकला तर तोंडघशी पाडलंस, पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू नकोस. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होता. एकदाच त्याने मान वर केली आणि खिडकीत उभ्या असलेल्या पोराकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर अनेकदा वाटलं. मिस्त्री गेला, आणि त्याच्या नावापुढचा काका त्या दिवशी गळून पडला. दुसऱ्या दिवशी त्याने मूळ नकाशा कचेरीत नेला. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई पुसत नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर त्याने तो बाण हलक्या हाताने खरवडला, नखाने कागद घोटला आणि नवा बाण काढला, पाइपाकडे. कंत्राटदाराचं बोट आज जिथे थांबलं होतं तिथे कागद अजून पातळ होता. उजेडापुढे धरला असता तर लहान मुलालासुद्धा दिसला असता.

तर आता आकडा. बायको पंचवीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करत होती आणि गेल्याच महिन्यात निवृत्त होऊन तिचा फंड हातात आला होता. त्या फंडातून तिला एक लहानसा गाळा घ्यायचा होता. दोन कटिंग टेबलं, सहा मशिनं, कापड कापायला शिकवायचा वर्ग. गाळा ठरलाही होता. तिने स्वतः टेप लावून तो मोजला होता आणि टेबलं कुठे येतील ते जमिनीवर खडूने आखून ठेवलं होतं. कंत्राटदार गेल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत बसली आणि मग म्हणाली, "जाऊ दे. डोक्यावर छप्पर आधी. वर्ग काय, घेईन कधीतरी घरच्या घरी." हे ती इतक्या सहज म्हणाली की त्याला ते सहन होईना. तिने आदळआपट केली असती, नशिबाला बोल लावला असता, तर त्याला समजूत घालायचं काम तरी मिळालं असतं. तो उठला, पंखा बंद केला, पुन्हा लावला. "अगं, ऐक," तो म्हणाला. "काय?" शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. "सकाळी आमटीत मीठ कमी होतं." मीठ कमी नव्हतं. संध्याकाळी तिने आठवणीने जास्त घातलं, आणि ती खारट आमटी त्याने दोन वेळा मागून घेतली.

त्या आठवड्यात कचेरीत त्याचं काम तुंबलं. टेबलावर नकाशा आला की डोळे आधी गच्चीवर जायचे. एक गच्ची, दोन गच्च्या, सगळे बाण बरोबर होते, आणि प्रत्येक बरोबर बाण बघून त्याचं डोकं तापत होतं. एका नकाशात बाण खरोखरच उलटा निघाला. नाव बघितलं, कोणी नवीन मुलगी होती, तिसराच नकाशा तिचा. त्याने लाल पेन्सिल उचलली, खाली ठेवली, टोक काढलं, पुन्हा उचलली. शेवटी मुलीला बोलावून हळूच म्हणाला, "हा एवढा घरून नीट करून आणा. मी काही लिहिलेलं नाही." ती गेली तशी शेजारच्या टेबलावरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. लालपेन्सिलची तब्येत बरी नसावी, असं त्यातला एक म्हणाला. ते त्याला ऐकू आलं आणि त्याला वाटलं, खरंच बरी नाही. हातपाय जागेवर होते, ताप नव्हता, पण आत कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते किती वर्षं मुरतंय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

सुटका कंत्राटदाराच्या फोनने झाली, किंवा फास आवळला म्हणा. स्लॅब उतरवायच्या आधी भिंतींवर सिमेंटचा सलग पट्टा फिरवलाय का ते कळायला हवं होतं. पट्टा असेल तर भिंती तशाच राहतील, नसेल तर त्याही काढाव्या लागतील आणि आकडा आणखी वर जाईल. नकाशात पट्टा नव्हता. "जुना मिस्त्री हयात असेल तर त्याला विचारा," कंत्राटदार म्हणाला. मिस्त्री हयात होता. नदीपलीकडे मुलाकडे राहतो हे त्याला माहीत होतं, कारण ह्या माणसाचा पत्ता त्याने कधी नजरेआड होऊ दिला नव्हता. "मी जाऊन येतो," तो घाईघाईने म्हणाला. "मीही येते," बायको म्हणाली. "त्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही." "म्हातारा झाला असेल गं. त्र्याऐंशी." "झाला असेल. मीही काही तरुण राहिले नाही." आणि तिने चांगली साडी नेसायला घेतली, भांडायला जाताना ती नेहमी नेसायची तशी. बसमध्ये ती खिडकीशी बसून काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती, तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. पुलावर बस थांबली तेव्हा त्याला वाटलं, इथे सांगावं. इथे फक्त बाराजण ऐकतील. मग बस सुटली.

मिस्त्री व्हरांड्यात बसला होता, पूर्वीपेक्षाही बुटका, डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. समोर एक लाकडी खुर्ची आणि एक स्टूल. सुनेने दार उघडतानाच बजावलं होतं, "मोठ्यानं बोला हं, ऐकू येत नाही त्यांना," आणि ती आत निघून गेली. बायको खुर्चीवर बसली, तो स्टुलावर. मिस्त्रीने त्याला ओळखलं की नाही ते कळेना. त्याने नुसती मान हलवली. पट्ट्याचं विचारलं, दुसऱ्यांदा ओरडून विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"टाकला की! चारी भिंतींवर फिरवलाय. नकाशात नव्हता. मी म्हटलं, असू दे, घर आपल्याच माणसाचं आहे."

म्हणजे भिंती वाचल्या. हे ऐकून बायकोला बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. एवढी अक्कल होती म्हटल्यावर तिचा राग जास्तच वाढला.

"पट्टा आठवणीने टाकलात, मग ढाळ कसा हो उलटा घातलात?" ती ओरडली. ओरडावंच लागत होतं, आणि ओरडून भांडायची तिला सवय नव्हती, त्यामुळे अर्धं वाक्य मोठ्याने जायचं आणि अर्धं घशात अडकायचं. "एकतीस वर्षं आम्ही ते गळणं निस्तरतोय. माझे सासरे त्याच ओल्या खोलीत गेले. आता सगळं पाडायचंय. पंचवीस वर्षं उभं राहून मिळवलेला पैसा आहे माझा, कळलं का? बाण काढून दिला होता ह्यांनी, एवढा साधा बाण! तोसुद्धा वाचता येऊ नये?"

मिस्त्री ऐकत होता. सगळं ऐकू येत होतं की ओठांवरून कळत होतं, देव जाणे. ती थांबली तेव्हा त्याने मान वर केली आणि स्टुलाकडे एकदा बघितलं, एकदाच, आणि पुन्हा तिच्याकडे वळला.

"चुकलं, बाई," तो म्हणाला. "माझ्या हातून चुकलं."

इतक्या सहज तो हे म्हणाला की आता ह्यापुढे काही होणारच नव्हतं. बायको दमून मागे टेकली. चहा येईल, पिऊन होईल, परतीची बस मिळेल. भिंती वाचल्या म्हणून आकडा थोडा खाली येईल आणि उरलेला ती देईल. सगळं पुन्हा नीट लिंपलं गेलं होतं. त्याला आपले दोन्ही हात गुडघ्यांवर दिसत होते, आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे तो बघत होता.

"बाण मी उलटा काढला होता," तो म्हणाला.

बायकोने झटकन मान वळवली. मिस्त्रीने मात्र कानामागे तळहात धरला. "काय म्हणालास?"

"बाण."

"मोठ्यानं बोल, बाबा."

"बाण मी उलटा काढला!" तो ओरडला. रस्त्यावरून पिशव्या घेऊन चाललेल्या दोन बायका थबकल्या. आता थांबायचं म्हटलं तरी त्याला थांबता येईना. "तुम्ही विचारलं होतं! मी कागद बघितला नाही! आणि नंतर ब्लेडने खरवडून बदलला!"

आतून सून बाहेर आली, काय झालं ते बघितलं आणि परत गेली. बायकोने पर्सचा चाप उघडला आणि बंद केला. मग अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आत्ता ह्यांना वाटेल ते बोलले. आणि तुम्ही मला बोलू दिलंत." गाळा, फंड, एकतीस वर्षं, ह्यातलं काही तिने काढलं नाही. ते ती नंतर काढणार होती आणि तिने ते काढलेलं त्याला हवंही होतं. ती मिस्त्रीकडे वळली आणि तिने हात जोडले. मिस्त्रीने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"आलं ऐकू," तो म्हणाला. "चांगलं स्पष्ट आलं. त्याने ऐकायला हवं होतं."

"कोणी?"

"तुझ्या बापाने. दुसऱ्या कोणी!" म्हातारा हसला, दात नसल्याने ते हसणं नुसतं हिरड्यांचं होतं. "पाणी ठिबकलं त्याच संध्याकाळी नकाशा घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. दोघांनी मिळून बघितला. तो म्हणाला, पोराची नोकरी दोन दिवसांची आहे, हे कचेरीत कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मी अंगणात ओरडतो, तू ऐकून घे. मी म्हटलं, ओरड. पण तो जरा जास्तच ओरडला हां त्या दिवशी. नंतर दोन दिवस त्याचा घसा बसला होता."

त्याला वडिलांचा घसा बसलेला आठवला. रागाने बसला असं घरात सगळे म्हणाले होते, आणि हळदीचं गरम दूध त्यानेच नेऊन दिलं होतं. दूध घेताना वडील त्याच्याकडे वाट बघितल्यासारखे बघत राहिले होते, आणि तो भांडं तिथेच ठेवून खोलीबाहेर पळाला होता.

"मग ते कोबे..." तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही हे लक्षात येऊन पुन्हा ओरडला, "मग नुसते थर का चढवत राहिले? ढाळ नीट का नाही करून घेतला?"

"मी म्हणायचो ना त्याला. फोडू या, दोन दिवसांचं काम, मजुरी नको मला. तर म्हणायचा, तू फोडायला परत ह्या दारात आलास की सगळ्यांना कळणार कोणाचं चुकलं. तो स्वतः येऊन सांगू दे, मग फोडू." मिस्त्रीने हलणारा डावा हात उजव्या हाताने धरून ठेवला. "दर आठवड्याला यायचा. त्या खुर्चीत बसायचा, बाई बसल्यात तिथे."

बायको खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"आला की मी विचारायचो, बोलला का रे पोरगा? तर म्हणायचा, नाही अजून. बोलेल. अजून नोकरी नवीन आहे त्याची." रस्त्यावरच्या बायका निघून गेल्या होत्या. "अकरा वर्षं," तो म्हणाला. "तो जाईपर्यंत तुझी नोकरी नवीनच होती."